परार्धाची नळी

खोलीतला दिवा बंद केल्यावर टेबलावर दोनच उजेड उरले. डावीकडे अँप्लिफायरच्या झाकणाआडून दिसणारा जाडजूड काचेचा व्हॉल्व्ह, 3-500झेड. त्याची तार पिवळी पेटलेली आणि तिच्याभोवतीची प्लेट हळूहळू तांबूस होत चाललेली. उजवीकडे फूटभर लांबीची काचेची नळी. तिच्या आत ना तार होती ना प्लेट. दोन्ही टोकांना बाहेरून तांब्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या आणि आत डोळ्यांना दिसेल असं काहीही नाही. काकांनी एक बटण दाबलं आणि ती रिकामी दिसणारी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळट उजेडाने भरून गेली.

काका म्हणजे आमचे जुन्या ओळखीचे हॅम, हौशी रेडिओवाले. लायसन्स घेऊन चाळीसेक वर्षं झाली असतील. सोल्डरच्या धुराचा वास त्यांच्या खोलीतून कधी जातच नाही. मी जवळ वाकलो तसे ते म्हणाले, "हात मागे घे आधी. आणि एक ध्यानात ठेव. उजेड पडलाय ती नळी भरलेली आहे आणि डावीकडची रिकामी. सगळा खेळ तेवढाच आहे."

"रिकामी म्हणजे किती रिकामी?" मी विचारलं.

"मोज की," ते म्हणाले.

त्या रात्री घरी येऊन मी खरंच मोजायला बसलो आणि मोजताना आपले जुने आकडे हाताशी आले. भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. तिच्यात एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, मग महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. लहानपणी ही नावं पाठ करताना वाटायचं, एवढं मोजायला जगात आहे तरी काय? हे सगळं टेबलावरच्या त्या दोन काचांत आहे.

आपल्या आजूबाजूच्या हवेपासून सुरुवात करू. एक घनसेंटिमीटर, म्हणजे साधारण बोराएवढी जागा. खोलीतल्या हवेच्या तेवढ्या जागेत सुमारे 250 परार्ध रेणू असतात. सेकंदाला एक या गतीने नुसता एक परार्ध मोजायचा म्हटलं तरी 317 कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं आहे. बोराएवढ्या हवेतले सगळे रेणू मोजायचे तर विश्वाचं आजवरचं आयुष्य सत्तावन्न वेळा पुरं पडायला हवं.

उजेड पडणाऱ्या नळीत आर्गॉन भरलेला असतो. तो बाजारात मिळतो, पण आपल्या श्वासातही असतो, कारण हवेचा शंभरातला जवळजवळ एक भाग आर्गॉनच आहे. नळीत तो वातावरणाच्या दाबाने भरत नाहीत. आधी आतली हवा पंपाने ओढून काढतात आणि मग अगदी थोडा आर्गॉन सोडतात. दाब राहतो पाऱ्याच्या तीनेक मिलिमीटरांएवढा, वातावरणाच्या अडीचशेव्या हिश्शाहूनही थोडा कमीच. हिशेब केला तर दर घनसेंटिमीटरला अणू निघतात एक परार्ध. अगदी नेमका एक परार्ध. कागदावर हा आकडा उतरला तेव्हा मी दोनदा तपासून पाहिला. फूटभर लांब आणि चार सेंटिमीटर जाड अशी नळी भरायला इतका कमी आर्गॉन लागतो, की आपल्या एका साध्या श्वासातल्या आर्गॉनवर अशा तीन नळ्या भरतील.

आता व्हॉल्व्ह. त्याच्या आतली पोकळी करताना काच आणि धातू तापवून तापवून त्यांच्यात मुरलेला वायूही ओढून काढतात. पाऱ्याच्या एक मिलिमीटरचा एक कोटीवा भाग एवढा दाब आत उरला असं धरू. एवढं करूनही प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये सुमारे 3.3 अब्ज रेणू राहतातच. ज्याला आपण निर्वात म्हणतो, त्या बोराएवढ्या जागेत! पण हे रेणू सेकंदाला एक या गतीने मोजले तर 105 वर्षांत संपतात. शतायुषी माणसाच्या आवाक्यात आले म्हणायचे. शेजारच्या नळीतले मोजायला पृथ्वीच्या वयाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. एका केबलने जोडलेल्या दोन काचांमध्ये तीन कोटी पटींचा फरक आहे.

हा फरक कळायला माणसाला काही वर्षं लागली. ली द फॉरेस्ट यांनी 1906 मध्ये अमेरिकेत ऑडिऑन केला. तीन टोकांचा हा पहिला व्हॉल्व्ह. त्यात थोडा वायू उरलेला असायचा आणि तो वायू असल्यामुळेच नळी काम करते, असं द फॉरेस्ट यांना वाटत होतं. व्होल्टेज चढवलं की आत निळी झाक यायची आणि नळी लहरी वागायची. जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीतल्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी दाखवून दिलं, की वायू ही मदत नसून अडचण आहे. सगळा वायू काढा, मग इलेक्ट्रॉन सांगितल्यासारखे धावतील. व्हॉल्व्ह खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला तो या पोकळीमुळे.

आणि याच लँगम्यूर यांनी 1928 मध्ये, वायूतून वीज जाताना जो तेजाळ गोंधळ तयार होतो त्याला नाव दिलं प्लाझ्मा. काकांच्या टेबलावरच्या दोन्ही काचा एकाच माणसाच्या अभ्यासाच्या आहेत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वायू हाकलायचा कसा हे ज्याला पुरतं उमगलं, त्यालाच वायू आत ठेवला तर काय होतं हेही बघावंसं वाटलं.

वायूचं वागणं खरोखर विचित्र आहे. एक सेंटिमीटर साध्या हवेतून ठिणगी उडवायची तर सुमारे 30,000 व्होल्ट लागतात. हवा ओढत गेलं की ठिणगी सोपी होत जाते. पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दाब आला की तेवढ्याच अंतराला साधारण 330 व्होल्ट पुरतात. त्याच्याही खाली ओढलं की मात्र गाडी उलटी फिरते. व्होल्टेज पुन्हा चढायला लागतं आणि खऱ्या पोकळीत तर हजारो व्होल्ट लावूनही काही होत नाही. फ्रीडरिश पाशन यांनी 1889 मध्ये हा नियम मांडला. आलेख काढला तर मधोमध दरी दिसते. आर्गॉनची दरी हवेपेक्षा वेगळी, पण आकार तोच. प्लाझ्मा नळी त्या दरीच्या अलीकडच्या बाजूला बसते. व्हॉल्व्ह मात्र दरी ओलांडून पलीकडच्या कड्यावर उभा असतो. म्हणूनच 3,000 व्होल्ट लावूनही त्याच्या आत ठिणगी पडत नाही.

कारण कळलं की हे सोपं वाटतं. रेणू एकमेकांना धडकत असतात. साध्या हवेत दोन धडकांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही कमी असतं. प्लाझ्मा नळीतला इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास मोकळा धावतो आणि कुणावर तरी आपटतो. ती धडक पुरेशी जोरात बसली तर अणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो, मग दोनाचे चार. व्हॉल्व्हमध्ये मात्र इलेक्ट्रॉनला कुणी भेटायच्या आधी किलोमीटरच्या हिशेबात अंतर तोडावं लागलं असतं आणि त्याला धावायचं असतं जेमतेम एक सेंटिमीटर. लाखातल्या एखाद्याचीच गाठ पडणार.

आता त्या एका सेंटिमीटरातली धाव पाहू. 3-500झेडची तार 5 व्होल्टवर साडेचौदा अँपिअर घेते. नुसतं तापायलाच 73 वॉट लागतात. ती टंगस्टनची असते आणि तिच्यात थोडं थोरियम मिसळलेलं असतं. तापल्यावर थोरियम पृष्ठभागावर येतं आणि एका अणूच्या जाडीचा थर धरतं. एका अणूची जाडी! तेवढ्या थरामुळे तीच तार त्याच तापमानाला हजारपटींहून जास्त इलेक्ट्रॉन सोडते. हाही लँगम्यूर यांचाच शोध. व्हॉल्व्हमध्ये वायू शिरला की त्याचे आयन उलटे येऊन तारेवर आदळतात आणि हा थर झडतो. पोकळीचा आग्रह यासाठीही आहे.

प्लेटला 3,000 व्होल्ट आणि प्रवाह 0.15 अँपिअर धरला तर दर सेकंदाला नऊ परार्धांहून जास्त इलेक्ट्रॉन तारेपासून प्लेटकडे जातात. पूर्ण 3,000 व्होल्टांनी ओढलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 32,000 किलोमीटर वेगाने पोचतो. त्याला मोकळी वाट मिळाली तर पृथ्वीची विषुववृत्तावरची प्रदक्षिणा सव्वा सेकंदात होईल. आणि वजन? सेकंदाला नऊ परार्ध इलेक्ट्रॉनांची ही रांग अखंड चालू ठेवली तर एक ग्रॅम इलेक्ट्रॉन पलीकडे पोचायला 37 वर्षं लागतील. प्लेट तांबूस होते ती या वजनहीन गर्दीच्या धडकांनी.

या गर्दीच्या वाटेत जाळी असते, ग्रिड. काकांच्या फ्रिक्वेन्सी जनरेटरच्या डबीतून जेमतेम पाव वॉट निघतो. मधे एक छोटा टप्पा आणि मग हा व्हॉल्व्ह. शेवटी बाहेर पडतात अडीचशे वॉट, म्हणजे हजारपट. ही हजारपट वाढ होते ती सेकंदाला 2 कोटी 71 लाख 20 हजार वेळा मागेपुढे होणाऱ्या लहरीवर. 27.12 मेगाहर्ट्झच्या एका हेलकाव्याला 37 नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यात इलेक्ट्रॉन तारेपासून प्लेटपर्यंतचं अंतर साठेक वेळा कापू शकतो, म्हणून व्हॉल्व्ह त्या लहरीबरोबर राहतो. ट्रान्झिस्टर हेच काम करतात आणि स्वस्तात करतात. पण प्लाझ्मा नळी पेटण्याआधी एक असते आणि पेटल्यावर दुसरीच होते. तिचा विरोध क्षणात कोसळतो आणि पाठवलेली ताकद परत फिरते. असा उलटा फटका ट्रान्झिस्टरला सेकंदाच्या अंशात मारू शकतो. व्हॉल्व्हची प्लेट थोडी जास्त लाल होते आणि चूक दुरुस्त करायला माणसाला वेळ मिळतो. काकांची नजर मीटरपेक्षा प्लेटच्या रंगावर जास्त असते ती यामुळे.

ही ताकद आर्गॉनमध्ये शिरली की पुढचा आकडा येतो. नळीतल्या साधारण दहा लाख अणूंमागे एकाचा इलेक्ट्रॉन सुटलेला असतो. 2011च्या जनगणनेतलं 31 लाखांचं पुणे शहर घ्या आणि त्यातली फक्त तीन माणसं निवडा. बाकी सगळी शांत. त्या तिघांवर अख्ख्या नळीचा उजेड! या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं तापमान वीस-तेवीस हजार अंश असतं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या चौपट. काच मात्र हाताला कोमट ते गरम लागते. आर्गॉनचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे 73,000 पट जड असतो. क्रिकेटचा चेंडू डोंगरावर आपटावा तशी गत. साध्या धडकेत इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा जेमतेम छत्तीस हजारावा भाग देऊन परततो. म्हणून एकाच नळीत, एकाच जागी दोन तापमानं नांदतात.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण अशा नळ्या अनेकजण वेगळ्याच आशेने जोडतात. अमेरिकेत सॅन दिएगोला 1930च्या दशकात रॉयल रेमंड राइफ यांनी दावा केला होता, की ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या प्लाझ्मा नळीने रोगजंतू मारता येतात. त्या दाव्याला शास्त्रीय कसोटीवर आधार मिळालेला नाही, तरी 'राइफ मशीन' आजही आजारी माणसांना विकलं जातं. आकडेच काय सांगतात ते पाहा. 27.12 मेगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा आपल्या अंगाच्या नेहमीच्या उष्णतेतल्या एका थरथरीच्या दोन लाख चाळीस हजाराव्या हिश्शाएवढी आहे. कार्बनचे दोन अणू जोडणारा बंध तोडायचा तर त्या फोटॉनच्या तीन कोटी पटींहून जास्त ऊर्जा लागते. अडीचशे वॉटमधून दर सेकंदाला असे फोटॉन चौदा हजार कोटी परार्ध निघतात हे खरं, पण ते मिळून करतात ते ऊब देण्याचं काम. ते काम चांगलं होतं. फिजिओथेरपीतलं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्र याच 27.12वर दुखऱ्या गुडघ्याला खोलवर शेक देतं. रेक्झिन आणि प्लास्टिकच्या शिवणी वितळवून जोडणारी यंत्रंही याच फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्यातली कित्येक व्हॉल्व्हवर. पण कॅन्सरचं निदान झालेल्या माणसाने अशा नळीसमोर बसून महिने घालवावेत, याचा विचारही मला सहन होत नाही.

माझं मन गुंतलं ते पुढच्या आकड्यात. भरलेली नळी आणि रिकामी नळी ही वाटणी मला पक्की वाटत होती. मग मी जमिनीपासून अडीचशे किलोमीटर वरच्या आकाशाचा आकडा काढला. तिथे दर घनसेंटिमीटरला सुमारे दोन अब्ज कण असतात. म्हणजे काकांच्या व्हॉल्व्हच्या आतल्याहूनही कमी! आणि तरी तिथे प्लाझ्मा आहे. दर घनसेंटिमीटरला दहा लाखांपर्यंत मोकळे इलेक्ट्रॉन असलेला आयनोस्फिअर. जी विरळता व्हॉल्व्हला पोकळी म्हणून पुरते, तीच आकाशात प्लाझ्मा म्हणून वावरते. कारण तिथे धडकांमधलं अंतर किलोमीटरभर असलं तरी थर शेकडो किलोमीटर जाड आहे. भांडंच एवढं मोठं, की त्याला रिकामं म्हणता येत नाही.

या आकाशातल्या नळीचा उपयोग आपण सगळ्यांनी केलेला आहे. आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा 1988 मध्ये नागपूरहून 1566 किलोहर्ट्झवर सुरू झाली तेव्हा तिचा ट्रान्समीटर 1,000 किलोवॉटचा होता. काकांच्या टेबलावरच्या अडीचशे वॉटच्या चार हजार पट. दिवसा अशी लहर जमिनीलगत चालते. रात्री खालचा शोषणारा थर विरून गेला की ती वर जाते, प्लाझ्म्यावर आपटते आणि शेकडो किलोमीटर दूर परत उतरते. रात्री उशिरा रेडिओच्या सुईवर लांबची स्टेशनं खुलतात ती यामुळे.

अलास्कात गकोना इथे तर व्हॉल्व्हनी थेट या आकाशालाच हात घातला. हार्प नावाच्या तिथल्या केंद्रात 33 एकरांवर 180 अँटेना उभ्या आहेत. त्यांच्यामागे 10 किलोवॉटचे 360 ट्रान्समीटर, शेवटच्या टप्प्यावर व्हॉल्व्ह असलेले. मिळून 36 लाख वॉट. ही ताकद झोत करून वर पाठवली की आयनोस्फिअरमधले इलेक्ट्रॉन तापतात आणि ऑक्सिजनचा मंद उजेडही पाडता येतो. काकांच्या फूटभर नळीत जे होतं तेच इथे होतं, फक्त काचेशिवाय. या केंद्राबद्दल हवामान बदलल्याच्या आणि भूकंप घडवल्याच्या कहाण्या फिरतात. पण इतक्या उंचीवर पोचेपर्यंत झोत एवढा पसरतो, की सूर्याकडून तिथे येणाऱ्या उजेडापुढे तो हजारो पटींनी फिका असतो.

आणि मग फ्रान्समधलं कादाराश. तिथे बांधल्या जात असलेल्या ईटर या संलयन भट्टीत 840 घनमीटर प्लाझ्मा धरायचा आहे, 15 कोटी अंश तापमानाचा. दर घनसेंटिमीटरला सुमारे एक जलधी इलेक्ट्रॉन. काकांच्या नळीतल्या अणूंपेक्षाही ही घनता हजारपट विरळ आहे. एवढ्या अवाढव्य भांड्यातल्या सगळ्या प्लाझ्म्याचं वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, आपण एका श्वासात घेतो त्या हवेपेक्षा हलकं. त्यातून 50 कोटी वॉट काढायचा बेत आहे. तो तापवण्याच्या वाटांपैकी एक म्हणजे रेडिओलहरी. त्यासाठीचे 35 ते 65 मेगाहर्ट्झचे, प्रत्येकी 25 लाख वॉटचे स्रोत देण्याची जबाबदारी भारताकडे आहे आणि त्यावर काम चाललं ते गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत. त्या स्रोतांच्या शेवटच्या टप्प्यावर व्हॉल्व्हच बसवलेले आहेत, पाण्याने थंड केलेले, चांगलेच मोठे. टेबलावरच्या अँप्लिफायरच्या दहा हजार पट, पण आतली गोष्ट तीच. तापलेला पृष्ठभाग, जाळी, प्लेट आणि मधे ओढून ओढून मिळवलेला रिकामेपणा.

पुढच्या वेळी हे सगळे आकडे कागदावर उतरवून मी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचले. एक परार्धाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली. मग अँप्लिफायर बंद केला, कारण मला आतला व्हॉल्व्ह जवळून बघायचा होता. नळीतला जांभळा उजेड क्षणात गेला. तार मात्र काही सेकंद लाल राहिली आणि मग विझली. मी झाकणाच्या स्क्रूकडे हात नेला तसा त्यांनी मनगट धरलं.

"अंहं. सुई बघ."

मीटरची सुई अजून वर होती. 3,000 व्होल्टवर भरलेल्या 30 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साडेपाच परार्ध इलेक्ट्रॉन दबा धरून बसलेले असतात. बटण बंद केल्याचं त्यांना ठाऊक नसतं. वर एक लाख ओहमचा रेझिस्टर असतो आणि त्याच्यातून ते हळूहळू घरी परततात. दर तीन सेकंदांनी व्होल्टेज उरल्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. हजार-अकराशे, चारशे, दीडशे. आम्ही दोघं सुईकडे बघत उभे होतो. ती शून्याला टेकल्यावरही काकांनी आणखी मिनिटभर थांबवलं, मग लाकडी दांड्याच्या टोकाची तार कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना टेकवली. आवाज झाला नाही. तेव्हा कुठे त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.